डॉक्टरांना सांगितलेली दहा वर्षं

आमच्या मंडळात मला सगळे बुढा म्हणतात. वय छप्पन, म्हणजे तसा काही बुढा नाही, पण गेली दहा वर्षं मी दंडारीत एकच सोंग करत आलो: जावयाच्या घरी येऊन ठाण मांडणारा बहिरा सासरा. दंडार म्हणजे आमच्याकडचं गावातलं नाटक. गाणी, नकला, ढोलकी, सगळं त्यात असतं. दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही गावोगाव फिरतो. त्या सासऱ्याला मी घोगरा आवाज दिला, घसा आवळून काढलेला. पडद्यामागून नुसतं "जावईबापू, जेवाले काय हाय?" म्हटलं की मंडप हसायला लागायचा. राळेगावच्या बाजारात पोट्टे मला पाहून त्याच आवाजात ओरडत. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

हे आधी सांगतो, कारण माझं आजारपण आणि आमचा विमा, दोन्हीची गोष्ट या आवाजापासून सुरू होते. लिहायला मला माझ्या मुलीनं, मंदानं, बसवलं. तिला दिग्रसला दिली आहे. ती म्हणाली, "बाबा, जसं झालं तसंच लिवा. मीठमसाला लावू नोका." मीठमसाल्यानंच माझा घात केला, त्यामुळे या वेळी जपून लिहितो.

फॉर्म

विमा काढायचं डोकं माझ्या बायकोचं, वच्छलाचं. ती ब्लाउज शिवते, हंगामात कापूस वेचायला जाते. तिला पाळीचा त्रास. महिन्यातले पंधरा-वीस दिवस अंगावरून जायचं. आम्ही विमा काढला तेव्हा या त्रासाला एक वर्ष होऊन गेलं होतं. राळेगावच्या सरकारी दवाखान्यात पिशवी काढावी लागेल म्हणून सांगितलं, तारीखही दिली. तारखेला गेलं की रक्त कमी भरायचं आणि गोळ्या देऊन परत पाठवायचे. असं तीनदा झालं. खाजगीत जायची आमची ऐपत नव्हती. मग बचत गटाच्या बैठकीत तिनं ऐकलं की विमा असला तर खाजगीतही होतं.

आम्ही विमा शोधायला निघालो. पहिल्या एजंटनं विचारलं, "धंदा काय?"

मी म्हटलं, "कलावंत."

"म्हंजे करता काय?"

"लोकायले हसवतो."

"मंग शेती लिवू का?" मी म्हटलं, शेती नाही माझ्याकडे. "मंग मजुरी?" मी उठलोच. दुसऱ्यानं पगाराची चिठ्ठी मागितली. आमच्या धंद्यात पगार कोण देतो? सुपारी मिळते, म्हणजे कार्यक्रम ठरला की हातावर थोडे पैसे, बाकीचे मंडप उतरल्यावर, तेही गावाची मर्जी असली तर. तिसरा नुसता अपघाती मरणाचा विमा विकत होता. वच्छला त्याला म्हणाली, "भाऊ, आमाले जगाचं हाय. मेल्यावर काय कराचं त्या पैशायचं?"

शेवटी राळेगावला झेरॉक्सच्या दुकानात बसणारे बंडूभाऊ भेटले. त्यांनी न हसता फॉर्मवर 'लोककलावंत' लिहिलं. तेवढ्यावरच मला भरून आलं. हप्ता झेपेल असा काढून दिला, दोघांची मिळून एकच पॉलिसी. पण अटही वाचून दाखवली: पिशवीच्या ऑपरेशनसाठी दोन वर्षं थांबावं लागेल, त्याआधी काही मिळणार नाही.

मला वाटलं, ही आता उठणार. वच्छला म्हणाली, "काढीन दोन वर्षं. पन सारं खरं लिवा, भाऊ. मांगून काही निंघाले नोको."

तिनं स्वतःचा त्रास सांगितला, गोळ्यांची नावं सांगितली. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, कधीमधी खातो. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "कधीमधी कायचं? दिवसाच्या चार पुड्या खाता!" बंडूभाऊंनी चार लिहिलं आणि हप्ता वाढला. मी तिच्यावर चिडलो होतो तेव्हा. पण त्या फॉर्मवर एकही खोटी ओळ नव्हती.

पुढच्या दिवाळीत हप्ता भरायची तारीख आली. मी मारेगावकडे दंडारीत होतो. तारीख पार विसरलो. आमच्या लोकांचे विमे असेच बुडतात. पैसा हाती येतो त्याच महिन्यात आपण घरी नसतो. वच्छलानं वेचणीची मजुरी आणि शिलाई एकत्र करून हप्ता भरून टाकला. मला फोनवर बोललीसुद्धा नाही. घरी आलो तर नव्या कॅलेंडरवर तिनं येणाऱ्या दिवाळीला लाल पेनानं गोल केलेला. त्या दिवशी तिची दोन वर्षं पुरी होणार होती.

खरा आवाज बसला तेव्हा

त्याच हंगामाच्या शेवटी, होळीच्या आसपास, माझा आवाज खरोखर बसला. आणि कोणाला कळलंच नाही! आमचा ढोलकीवाला गजानन म्हणाला, "बुढ्या, यंदा तू तर आग लावून राह्यला." टाळ्या वाढल्या होत्या. मीही खुश होतो. घसा न आवळता आवाज निघत होता, मेहनत कमी झाली होती, असं वाटून घेतलं मी. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घरी बोललो की वच्छला चिडायची. "घरात सोंग नोका करू. मले नाई आवडत."

"सोंग नाई वो. आवाज बसला."

"मंग दाखवा ना कोनाले."

मी ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध प्यालो, खर्रा मात्र सोडला नाही. आषाढात थुंकीत रक्ताची रेघ दिसली, तेव्हा तिनं माझा दंड धरून मला यवतमाळच्या गाडीत बसवलं.

केसपेपर

दवाखाना खाजगी होता, विम्याच्या यादीतला. बाकावर पंधरा-वीस माणसं. आमच्या मंडळातला एक पेटीवाला गळ्याच्या आजारानंच गेला होता आणि मला तोच डोळ्यांपुढे दिसत होता. केसपेपर भरायला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नाव वाचलं, चेहरा पाहिला आणि म्हणाले, "अरे! तुम्ही ते दंडारीतले सासरे ना? मी शाळेत होतो तेव्हा आमच्या गावात पाहिलंय तुम्हाला!"

बाकावरची माणसं वळली. एक नर्स दारात थांबली. सोंगाड्या माणूस कितीही घाबरलेला असो, समोर चार चेहरे हसायला तयार दिसले की त्याची भीती पळते. माझी पळाली.

डॉक्टरांनी विचारलं, "मामा, आवाज असा कधीपासून आहे?"

मी मान वाकडी केली, कानाला हात लावला आणि सासऱ्याच्या आवाजात म्हणालो, "कधीपासून? जावईबापू, दहा वर्सं झाली! याच फाटक्या गळ्यावर पोट भरून राह्यलो ना!"

काय हसले सगळे! डॉक्टरही हसले आणि हसता हसताच त्यांनी लिहिलं. वच्छला माझ्या मागे उभी होती. तिनं मागून माझा सदरा ओढला. मला वाटलं, चारचौघांत लाजली. कागद पुढे आला तेव्हा न वाचता सही केली.

घशात दुर्बीण घातली, तुकडा काढला. आठ दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं आणि सांगितलं की आवाजाच्या पट्टीवर गाठ आहे, कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा आहे, बरा होईल. मला फक्त पहिला अर्धा भाग ऐकू आला. वच्छलानं पूर्ण ऐकलं. तिनं विचारलं, "साहेब, विम्यात बसते का?" ते म्हणाले, बसायला हवं. तिनं हात जोडले. बाहेर टपरीवर आम्ही एकच चहा घेतला, दोघांत. मला गिळायला दुखत होतं, तर तिनं बिस्किट भिजवून दिलं. एवढ्या वाईट दिवशी ती थोडी हसली होती. विमा आहे म्हणून हसली होती.

पत्र

कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं. फोटो काढून मंदाला पाठवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. तिनं अडखळत अडखळत सांगितलं. रुग्णाचा आवाज दहा वर्षांपासून घोगरा असल्याची नोंद केसपेपरवर आहे. म्हणजे आजार विम्याच्या आधीचा. फॉर्म भरताना तो लपवला. म्हणून खर्च मिळणार नाही. आणि पॉलिसी रद्द.

वच्छलानं विचारलं, "रद्द म्हंजे कोनाची?"

"दोघायची, आई. एकच पॉलिसी होती ना."

वच्छला उठली, शेगडीवरची भाजी उतरवली. ती करपली होती. तशीच तिनं मला वाढली, पण स्वतः जेवली नाही. तिच्या दिवाळीला तीन महिने राहिले होते. मला ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी सदरा वढला होता तुमचा."

मग आमची धावपळ सुरू झाली. मंडळाच्या अध्यक्षांनी लेटरहेडवर लिहून दिलं की या कलावंताचा घोगरा आवाज खोटा आहे. सरपंचांनी त्याच्यावर शिक्का मारला. मारताना त्यांनाही हसू आलं. गजाननच्या मोबाईलमध्ये जुना व्हिडिओ होता, त्यात मी सासऱ्याच्या आवाजात बोलता बोलता एकदम माझ्या आवाजात गवळण उचलतो. तो पाठवला. त्या तरुण डॉक्टरांनीही बिचाऱ्यांनी लिहून दिलं की रुग्ण विनोदानं बोलला होता. कंपनीचं उत्तर आलं की पहिली नोंद तीच खरी, नंतरचे कागद नंतरचे. बंडूभाऊ मला म्हणाले, "बुढेभाऊ, तुमी तं कोर्टात बी सोंग केलं असतं." ते चिडून म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. विम्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते हेही त्यांनीच सांगितलं आणि अर्ज भरून दिला. त्याचा निकाल अजून यायचा आहे.

माझ्यासारख्या नाचणाऱ्या, गाणाऱ्या, वाजवणाऱ्या माणसांसाठी इथं थोडं थांबतो. आपल्याला सगळं वाढवून सांगायची सवय असते. दोन तासांचा कार्यक्रम आपण रात्रभर चालला म्हणून सांगतो. डॉक्टरनं 'कधीपासून' विचारलं तर महिना सांगा, सण सांगा, आणि तेवढंच सांगा. केसपेपरवर काय लिहिलं ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, चूक असेल तर तिथंच दुरुस्त करायला लावा. लाजू नका. मी लाजलो नव्हतो, पण नको त्या ठिकाणी.

शेक

माझा इलाज सरकारी योजनेत बसला, राशनकार्डावर. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे होते, साडेसहा आठवडे, रविवार सोडून रोज. सकाळी सात वाजता नंबर लावायचा, अकरा-बाराला आत घेत. तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून टेबलाला घट्ट बसवत आणि सगळे बाहेर जात. मी आयुष्यभर मुखवटे घातले, पण या मुखवट्यात मला रडू यायचं. ते पुसताही येत नसे, कारण हलायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात गळा आतून सोलल्यासारखा झाला. पाणीही नको वाटे. आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेत बाजूच्या खाटेवर दिग्रसचा एक मोटार मिस्त्री होता, जबड्याचा आजार. त्याची बेगम कुठून तरी रोज गार दूध आणायची आणि दोन ग्लास करायची, एक त्याला, एक मला. मिस्त्री हातानं खूण करायचा, पी बे. त्याला बोलता येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. आमची दोस्ती त्या दुधावर झाली. तो बरा होऊन घरी गेला, हे लिहिताना मला बरं वाटतं.

वच्छला सगळे दिवस माझ्याजवळ धर्मशाळेत राहिली. शिलाई मशीन घरी तसंच पडून होतं. ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आपले कपडे वेगळे धुवायची. एकदा मी जागा होतो. बादलीतलं पाणी मी पाहिलं, लालभडक. तिनं मला पाहिलं नाही, आणि मी कूस बदलली. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

दिवाळी तिथंच आली. तो कॅलेंडरवरचा गोल घरी भिंतीवर होता, पण आम्हा दोघांनाही तारीख पाठ होती. शेक संपले, आम्ही घरी आलो. डॉक्टर म्हणाले गाठ गेली, दर दोन महिन्यांनी दाखवत राहा. आवाज मात्र कुजबुजीएवढाच राहिला. गावात लोक भेटायला येत. वच्छला सगळ्यांना चहा करायची, भिंतीला टेकत टेकत. ऑपरेशनचं नाव तिनं काढणं सोडून दिलं होतं. मी विचारलं की म्हणायची, "आता कमी हाय." मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी मानलं.

होळीनंतर

होळीनंतर चार दिवसांनी ती मशीनवरून खाली पडली. हिरव्या ब्लाउजचा एक हात तसाच सुईखाली राहिला. गजाननच्या गाडीत घालून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या म्याडम तशा वयानं लहानच, पण शांत बाई. त्यांनी पेन काढलं आणि विचारलं, "कधीपासून जातंय, मावशी?"

वच्छलानं माझ्याकडे पाहिलं, मग त्या पेनाकडे पाहिलं. म्हणाली, "दीड महिना झाला असंल."

तिला कागदाची भीती बसली होती. इथं विम्याचा काही संबंध नव्हता, पण कागदावर वर्षं लिहिली गेली की हातचं जातं, असं तिच्या मनात पक्कं झालं होतं, आणि ते मी केलं होतं. म्याडम लिहायला लागल्या. मी पुढे झालो. आवाज निघेना. वच्छलानं माझं मनगट दाबून धरलं, नोका म्हणून. मी मनगट सोडवून घेतलं आणि जेवढा निघाला तेवढ्या आवाजात म्हणालो, "म्याडम, साडेतीन वर्सं. दीड महिना नाई. महिन्यातले वीस दिवस. नागपूरले मी सोता पाह्यलं. ही सांगत नाई."

म्याडमनी पेन थांबवलं. "मावशी, दीड महिना लिहिलं असतं तर मी गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं."

वच्छला रडायला लागली. "काहून सांगतलं तुमी? आता हे बी जाईन."

"काही जात नाही, मावशी," म्याडम म्हणाल्या. "इथं खरं सांगितलं तरच होतं."

या वेळी परत पाठवलं नाही. तीन बाटल्या रक्त दिलं, एक बाटली गजाननची होती. मग पिशवी काढली. तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला की पेशी बदलायला लागल्या होत्या, अजून कॅन्सर म्हणायचं नाही, पण दर तीन महिन्यांनी तपासावं लागेल. मी म्याडमना एकट्यांना गाठून विचारलं, "दिवाळीत काढली असती तं?" त्या कागद खालीवर करत राहिल्या. मला त्यातून काय समजायचं ते समजलं.

मंदा म्हणते, कंपनीचं चुकलं, तुमचं नाही. बंडूभाऊ म्हणतात, दोघांचंही चुकलं. आता मला कोणी विमा देत नाही, तिलाही नाही. हंगामाला मंडळ माझ्याशिवाय गेलं, सासऱ्याचं सोंग दुसऱ्यानं केलं. मी ऐकायला गेलो नाही.

परवा तिची दुसरी तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. यवतमाळच्या स्टँडवर राळेगाव गाडीची वाट पाहत बसलो होतो. इतके दिवस पोटात होतं ते मी बोलून टाकलं. "वच्छे, तुयावाल्या दोन वर्सायचं मी वाटोळं केलं. चार लोक हसले म्हून. मले माफ कर."

ती गाड्यांच्या पाट्या पाहत होती. पाहता पाहताच म्हणाली, "त्या दहा वर्सायचं मले काही वाटत नाई. तुमी घाबरले होते, म्हून सोंग केलं. मी वळखते तुमाले. पन साडेतीन वर्सं माह्यं रगत जाऊन राह्यलं, तुमाले दिसत होतं. तुमचा आवाज चांगला होता तेव्हा तुमी एकदाबी कोनाले सांगतलं नाई. गेल्यावर सांगतलं."

गाडी लागली. ती उठली आणि चढली. मी तिच्या मागे गेलो. तिनं खिडकीची जागा घेतली, बाजूची माझ्यासाठी धरून ठेवली.